आईच्या अकरा वह्या

आई गेली १८ जानेवारी २०२४ ला, गुरुवारी पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी. सांगलीत, गावभागातल्या आमच्या घरी, स्वतःच्या कॉटवर. वय ७५. त्यानंतरच्या वर्षभरात जे जे करावं लागलं ते इथे लिहून ठेवतेय. दाखले, पोस्ट, बँक हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं. पण आम्ही तिच्यावर एक छोटी पुस्तिका काढायची ठरवली, आणि ते काम नेमकं कसं करायचं हे सांगणारं मला कुणी भेटलं नाही. जे चुकलं तेही लिहिते, म्हणजे दुसऱ्या कुणाची तेवढी पायपीट वाचेल.

सगळ्यात आधी नेत्रदान केलं, कारण ते सहा तासांच्या आत व्हावं लागतं. दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा असतो. त्या दिवसांत आई आळीतल्या घराघरांत जाऊन माहिती सांगायची, त्यामुळे तिची इच्छा काय होती हे विचारायची गरजच नव्हती. दादा पुण्यात. घरी मी आणि माझे यजमान. तिने शंभर वेळा इतरांना सांगितलेलं मी तिच्यासाठी केलं: पापण्या मिटल्या, त्यावर ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या, पंखा बंद केला, डोक्याखाली उशी सरकवली. नेत्रपेढीला फोन लावला. साडेसहाला पथक आलं, वीसेक मिनिटांत काम झालं, रक्ताचा थोडा नमुना घेतला. आधी फॉर्म भरलेला नसला तरी चालतं, जवळच्या नातेवाइकाची सही आणि साक्षीदार लागतात. आईला मधुमेह होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं, तरी अडचण आली नाही. शेजारच्या काकूंना चेहरा बिघडेल अशी भीती वाटत होती. त्या नंतर जवळ येऊन बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "झोपल्यात बघ आक्का."

सगळी आळी तिला आक्काच म्हणायची.

मरण घरी आलं असेल तर मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र डॉक्टरांकडून घ्यावं लागतं, नमुना ४-अ. आईला आठ दिवसांपूर्वीच तपासलेले आमचे नेहमीचे डॉक्टर पहाटे आले आणि त्यांनी ते भरून दिलं. घरात म्हातारं माणूस असेल तर एका ठरावीक डॉक्टरांकडे अधूनमधून दाखवत राहा. ज्यांनी पेशंटला कधी पाहिलंच नाही असे डॉक्टर सही करायला कचरतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. अमरधामला अंत्यविधी झाला, तिथली पावती दादाने पाकिटात जपून ठेवली. तिसऱ्या दिवशी हरिपूरला संगमावर रक्षाविसर्जन.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं मृत्यू नोंदणीचा फॉर्म भरायला बसलो. २१ दिवसांच्या आत नोंद केली तर विलंब शुल्क लागत नाही. त्यानंतर तीस दिवसांपर्यंत शुल्क, पुढे परवानगी, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. आमच्या हातात भरपूर दिवस होते, पण दादाला सुट्टी नव्हती. फॉर्ममध्ये नाव, पत्ता, वय यांच्या खाली शिक्षण, धर्म असं विचारलेलं असतं. तंबाखू खात होत्या का, किती वर्षं, सुपारी, दारू हेही असतं. आणि एक रकाना व्यवसायाचा. व्यवसाय नसल्यास 'नाही' लिहा, असं शेजारीच छापलेलं. दादाने 'नाही' लिहिलं. त्याचं काही चुकलं नाही, फॉर्मला तेच हवं होतं. मी मात्र त्या शब्दाकडे बघत बसले. ती बाई पहाटे चारला उठून आमचे डबे करायची आणि संध्याकाळचा स्वयंपाक उरकून बायकांना अक्षरं शिकवायला बाहेर पडायची. पुस्तिकेचा विचार तिथे मनात आला. तेव्हा बोलून दाखवला नाही, घर पाहुण्यांनी भरलेलं होतं.

फॉर्ममध्ये चूक माझ्याकडून झाली. अण्णांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, नावापुढे मी सवयीने 'राव' लावलं. आईच्या आधार कार्डावर ते नाही. दाखला हातात आला २ फेब्रुवारीला आणि मी आनंदाने दहा प्रती काढल्या. पोस्टात गेल्यावर कळलं की नाव जुळत नाही. मग दुरुस्तीचा अर्ज, आधारची प्रत, रेशन कार्ड, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र, आणि तीन आठवड्यांची वाट. आधीच्या दहाही प्रती वाया. तेव्हा फॉर्म भरताना आधार, पासबुक आणि पॅन समोर मांडून एकेक अक्षर बघा. आधी एकच प्रत घ्या, ती तपासा, मग बाकीच्या. आठ-दहा लागतातच, बऱ्याच ठिकाणी झेरॉक्स चालत नाही.

पोस्टातलं आणि बँकेतलं तिचं वैयक्तिक खातं नॉमिनी असल्यामुळे सरळ मिटलं. दावा अर्ज, दाखला, माझी ओळखपत्रं, दोन साक्षीदार, बस्स. तासगाव तालुक्यात आजोळच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर मामांबरोबर तिचं नाव होतं. तिथे वारस नोंदीचा अर्ज मार्चमध्ये दिला. नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. मध्ये लोकसभेची निवडणूक आली, ७ मेला सांगलीचं मतदान, सगळी माणसं तिकडच्या कामाला. नोंद जूनमध्ये झाली. घाई नसेल तर शांतपणे वाट बघावी.

बचत गटाचं खातं ही मात्र वेगळी गोष्ट होती. आई गटाची सचिव. तीन जणींपैकी दोघींच्या सहीने पैसे निघायचे, आणि तिसरी सही करणारी बाई सहा महिने मुलीकडे कर्नाटकात राहायला गेलेली. म्हणजे आई गेल्यावर गटाचे पैसे अडकले. एका सभासदाच्या सुनेचं बाळंतपण तोंडावर आलेलं. मी गटाची सभासद नाही, पण कागदं आमच्या घरात होती म्हणून मीच त्यांच्याबरोबर गेले. करायचं असतं ते असं: सभा बोलवायची, इतिवृत्तात सचिवांच्या निधनाची नोंद आणि नव्या सचिवांच्या निवडीचा ठराव लिहायचा, सगळ्यांनी सह्या करायच्या, ठरावाची प्रत, मृत्यू दाखला, नव्या सचिवांचं आधार, पॅन, फोटो आणि सहीचा नमुना बँकेत द्यायचा. आईने आधीच सही करून ठेवलेले दोन चेक होते. कितीही नड असली तरी ते वापरू नका. आम्ही ते रद्द करून बँकेला परत दिले. काम बावीस दिवसांत झालं. बाळंतपण त्याआधीच झालं, पैसे एकीने घरातून दिले.

त्या सभेत मी पहिल्यांदा इतिवृत्ताची वही नीट पाहिली. तेरा सभासद, तेरा सह्या. मागची पानं चाळत पहिल्या वहीपर्यंत गेले तर तिथे नऊ निळे अंगठे होते. मी बाजूला बसलेल्या काकूंना विचारलं तर त्या हसायला लागल्या. "आक्कांनी शाईचा पॅड आणलाच न्हाई बघ. म्हणायच्या, घरी राहिला. पुढच्या म्हयन्यातबी घरीच. तवर म्हणल्या, हे एवढं गिरव. चार म्हयन्यांनी कळलं, पॅड पिशवीतच असायचा."

घरी येऊन दादाला फोन केला आणि पुस्तिकेचं बोलले. त्याने दोनच प्रश्न विचारले, किती खर्च आणि कधीपर्यंत. वर्षश्राद्धापर्यंत, मी म्हटलं.

आईची पत्र्याची ट्रंक मार्चच्या शेवटी उघडली. अकरा वह्या निघाल्या. बहुतेक आमच्या शाळेच्या वह्यांची उरलेली कोरी पानं दाभणाने शिवून केलेल्या. बचत गटाच्या हिशोबाच्या चार, साक्षरता वर्गाच्या दोन, बाकी मिश्र. त्याखाली भिंतीवरच्या कॅलेंडरांची चळत, १९९४ पासूनची. दुधाचे खाडे लिहायला कॅलेंडर असतं सगळ्यांकडे, पण आईने चौकोनांत आणखी बरंच लिहिलेलं. 'गट', 'वर्ग', 'रक्त' म्हणजे रक्तदान शिबिर, आणि कितीतरी रविवारी नुसता 'पो'. हा 'पो' मला लगेच उमगला. आपल्याकडे पल्स पोलिओ मोहीम १९९५ साली सुरू झाली तेव्हापासून ती बूथवर बसायची. डोस पाजायचा आणि डाव्या करंगळीच्या नखावर खूण करायची. त्या रविवारी आमच्याकडे सकाळी सहालाच पोळ्या झालेल्या असायच्या आणि दुपारी आई नसायची. मला ते आवडत नसे. २०१४ च्या कॅलेंडरात २८ मार्चच्या चौकोनात लिहिलंय, 'पोलिओ संपला. पेपरात आलं.' २७ मार्चला भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं होतं. घरात ती याविषयी काही बोलल्याचं मला आठवत नाही.

कॅलेंडर फेकू नका, एवढंच सांगेन. आईच्या फोटोंवर तारखा नव्हत्या. बूथवरचा एक फोटो कोणत्या वर्षीचा यावर आमचं एकमत होईना, शेवटी मागच्या भिंतीवरची एक जाहिरात आणि कॅलेंडरातला 'पो' जुळवून वर्ष काढलं.

दुसरं, मोबाइल बंद करू नका. दादा सिम बंद करायला निघाला होता. मी वर्षभर रिचार्ज मारत राहिले. आईच्या फोनमध्ये दोनशे चौदा नंबर होते, आणि नावं अशी: 'रेशनवाली शाळेजवळ', 'बीपी सांगलीवाडी', 'मुलगी कुपवाड नवरा नाही'. एकेका नंबरला फोन करायचा, आक्कांची मुलगी बोलतेय म्हणायचं. काहींना बातमी माझ्याकडूनच कळली. ते सगळ्यात अवघड फोन होते. पलीकडे रडणं सुरू झालं की आपण सांत्वन करायचं असतं, आपल्याच आईच्या जाण्याचं. रोज तीनच्या वर फोन करायचे नाहीत असं ठरवलं आणि ते पाळलं.

एप्रिल ते ऑक्टोबर मी भेटी घेत होते, शनिवार-रविवार. एकूण सव्वीस जणींशी आणि पाच पुरुषांशी बोलले. सुरुवातीला मी विचारायचे, "आई कशी होती?" आणि सगळे सांगायचे, लई चांगली होती, देवमाणूस. त्यातून काहीच हाती लागत नाही. मग प्रश्न बदलले. पहिल्यांदा कुठे भेटलात? तेव्हा तिच्या हातात काय होतं? तुमच्यावर कधी रागावली का? रागावण्याचा प्रश्न सगळ्यात उपयोगी पडला. हप्ता बुडवून दिवाळीला साडी घेतली म्हणून एकीशी ती दोन महिने बोलली नव्हती. एकीच्या नवऱ्याला तिने दारात उभं करून सगळ्या आळीदेखत सुनावलं होतं. फोनवर रेकॉर्ड करताना आधी विचारा. चौघींनी नको म्हटलं, त्यांचं घरी येऊन लगेच लिहून काढलं. एका तासाचं बोलणं कागदावर उतरवायला मला साडेचार तास लागायचे. फोनमधलं बोलून टाइप करणारं साधन आपल्या सांगलीच्या बोलीपुढे टिकत नाही, हातानेच लिहावं लागतं.

सांगलीवाडीत एक आजी होत्या, आईच्या अगदी पहिल्या साक्षरता वर्गातल्या. वह्यांमध्ये त्यांचं नाव सगळ्यात जास्त वेळा येतं. जूनमध्ये फोनवर बोलणं झालं, "ये की, आक्काचं लई सांगायचंय" म्हणाल्या. आयर्विन पूल ओलांडला की त्यांचं घर, आमच्यापासून रिक्षाने दहा मिनिटं. मी म्हटलं, पाऊस ओसरला की येते. जुलैत सासूबाईंचं दुखणं निघालं, ऑगस्टमध्ये ऑफिसचं ऑडिट. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फोन केला तर मुलाने उचलला. त्या जाऊन नऊ दिवस झाले होते. त्यांना काय सांगायचं होतं ते आता कुणालाच माहीत नाही. दाखल्याचे २१ दिवस मी बोटांवर मोजले होते, त्यांचे दिवस मोजायला सुचलं नाही. तुम्ही असं काही करणार असाल तर माणसांची यादी वयाप्रमाणे लावा आणि सगळ्यात म्हाताऱ्या माणसापासून सुरुवात करा. जवळ कोण राहतं, सोयीचं काय, हे नंतर.

वह्यांपैकी नववी वही पुराची. तिच्याविषयी थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण त्या पुरावरून माझं आणि आईचं साडेचार वर्षं बिनसलेलं होतं.

ऑगस्ट २०१९ चा पूर सांगलीकरांना सांगायला नको. आयर्विनजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही ५ तारखेला रात्री विश्रामबागला आत्याकडे गेलो. निघायच्या आधी दोन तास आई सामान माळ्यावर चढवत होती. तिने काय चढवलं, तर गटाच्या वह्या, इतिवृत्त, पासबुकं, बायकांचे अर्ज. खालच्या कपाटात माझं पदवीचं प्रमाणपत्र, मार्कलिस्टा आणि लग्नाचा अल्बम राहिला. परत आलो तेव्हा कपाटात चिखलच होता. मी त्या दिवशी आईला फार लागेल असं बोलले. ती म्हणाली, "तुझं सर्टिफिकेट विद्यापीठात आहे. कुणाचं किती जमा आहे ते या वह्यांशिवाय कुठेच नाही." मला ते पटलं नाही. प्रमाणपत्राची दुसरी प्रत काढायला कोल्हापूरला दोनदा गेले, आणि दोन्ही वेळा मनात तोच राग होता. अल्बमचं काय, ते ती बोलली नाही. पण पुढे कितीतरी दिवस दुपारी ती एकटी बसून चिकटलेले फोटो वाळवत होती, हे मी बघितलं होतं.

नववी वही तिने विश्रामबागला गेल्यावर सुरू केली. सत्तरीतली बाई रोज चालत एका शाळेतल्या निवारा छावणीत जायची. मला वाटायचं पोळ्या लाटायला जाते. वहीत याद्या आहेत. नाव, वय, आणि पुढे 'बीपी, गोळी पांढरी, छोटी, मध्ये रेघ', 'साखर, गोळी लांबट, सकाळ-रात्र'. लोक नेसत्या कपड्यांनिशी बोटीतून आलेले, औषधांची नावं कुणाला पाठ नाहीत, पाकिटं पाण्यात. आई एकेकाजवळ बसून गोळी दिसायला कशी होती ते लिहून घ्यायची आणि छावणीत येणाऱ्या डॉक्टरांना संध्याकाळी ती यादी द्यायची. त्यावरून अंदाज बांधून, तपासून ते औषध द्यायचे. ब्याण्णव नावं आहेत. सात बायकांच्या नावापुढे महिना लिहिलाय, गरोदरपणाचा. शेवटच्या पानावर तिचं स्वतःचं नाव, 'साखर, गोळी संपली ९ ता.' आणि पुढे काही नाही. तिने स्वतःसाठी गोळी मागितली की नाही, हे मी छावणीत असलेल्या तिघींना विचारलं. कुणाला आठवत नव्हतं.

ते पान वाचल्यावर मी दोन आठवडे पुस्तिकेच्या कामाला हात लावला नाही.

काय छापायचं आणि काय नाही, यावर दादाचं आणि माझं वाजलं. वह्यांमध्ये कुणी कर्ज बुडवलं, कुणाचा नवरा मारतो, कुणाला माहेरी सोडून आले, हे सगळं नावानिशी आहे. दादाचं म्हणणं, नावं बदलून छापू, त्याशिवाय आईने काय काय निस्तरलं ते कळणार नाही. माझं म्हणणं, गावभागात नाव बदललं तरी घर ओळखतात. शेवटी एकेकीला विचारायचं ठरलं. दोघींनी स्वतःहून सांगितलं की नाव घालून छापा. बाकीचं सगळं गाळलं. पुस्तिका त्यामुळे थोडी पातळ झाली, पण मला आजही तेच बरोबर वाटतं. ज्यांनी भेटी दिल्या त्या प्रत्येकीला तिचा मजकूर छपाईआधी वाचून दाखवला. वेळ गेला, पण तिघींनी महत्त्वाच्या चुका काढल्या.

आता छपाईचं. फोटो एक्केचाळीस निवडले. जे काचेला किंवा एकमेकांना चिकटले होते ते ओढून सोडवायचा प्रयत्न करू नका, वरचा थर निघून येतो. आहे तसाच त्याचा दिवसाउजेडी फोटो काढा. बाकीचे ६०० डीपीआयला स्कॅन केले, एका फोटोला २० रुपये, म्हणजे ८२० रुपये. फोटोमागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने. पेनाची शाई पुढे उमटते.

मजकूर मी मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप केला होता. डीटीपी करणाऱ्या, म्हणजे छपाईसाठी पानं लावून देणाऱ्या ताई श्रीलिपीत, म्हणजे वेगळ्या पद्धतीच्या फॉण्टमध्ये, काम करणाऱ्या. मजकूर बदलून घेताना रफार उडाले, 'ऱ्या' फुटला, काही जोडाक्षरं गायब. आधी तपासलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासावं लागलं. तेव्हा काम देण्याआधीच फॉण्ट कोणता ते विचारा, आणि रूपांतर झाल्यावर नव्याने प्रूफ वाचा. मी दोनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा अशा माणसाकडून वाचून घेतलं ज्यांचा आईशी काही संबंध नव्हता, शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांकडून. आपल्याला चुका दिसत नाहीत, डोळ्यात पाणी असतं. डीटीपीचे पानाला ६० रुपये. पानं झाली अडुसष्ट. छापखान्यात सांगितलं, सोळाच्या पटीत बसवा, नाहीतर चार पानांसाठी खर्च वाढेल. चौसष्टवर आणली. माझा स्वतःचा लेख सहा पानांचा होता, तो दोन पानांचा केला, तिथेच चार पानं निघाली. डीटीपी ३,८४०, मुखपृष्ठ १,५००, तीनशे प्रतींची छपाई आणि पिना १९,२००. स्कॅनिंग धरून एकूण २५,३६० रुपये, म्हणजे एका प्रतीला साधारण ८५. निम्मे दादाने दिले. गटातल्या बायकांनी वर्गणी काढायची म्हटलं, त्यांना आम्ही नको म्हटलं. मग त्यांनी कार्यक्रमाचा चहा आणि भडंग स्वतःकडे घेतलं, त्याला नाही म्हणता आलं नाही.

११ नोव्हेंबरला छापखान्यात गेले तर सगळ्या मशिनी प्रचाराच्या पत्रकांना लागलेल्या. विधानसभेचं मतदान २० तारखेला. त्यानंतर या म्हणाले. मी निवांत होते, कारण माझ्या डोक्यात तारीख १८ जानेवारी. डिसेंबरच्या ९ तारखेला गुरुजींना सहज फोन केला तेव्हा कळलं, तिथीने वर्षश्राद्ध ७ जानेवारीला येतं. आपलं तिथीचं वर्ष अकरा-बारा दिवसांनी लहान, हे मला माहीत असूनही लक्षात राहिलं नव्हतं. छापखान्यातल्या दादांना खरं ते सांगितलं. त्यांनी त्यांचं एक कॅलेंडरचं काम मागे टाकलं आणि ४ जानेवारीला संध्याकाळी गठ्ठे घरी आणून दिले. घेताना प्रत्येक गठ्ठ्यातल्या दोन-तीन प्रती उघडून बघा. एका गठ्ठ्यातल्या अकरा प्रतींत पानं उलटी लागलेली, त्यांनी दुसऱ्या दिवशी बदलून दिल्या.

वर्षश्राद्ध घरच्या घरी झालं. पुस्तिका १२ तारखेला, रविवारी, आळीतल्या मारुतीच्या देवळात दिली. व्यासपीठ, पाहुणे काही ठेवलं नाही. सतरंजी, आईचा फोटो, आणि ज्यांना बोलायचं त्यांनी बोलायचं. मी काही बोलू शकले नाही. बायका पुस्तिका उघडून आधी आपलं नाव शोधत होत्या, बोट फिरवत, मोठ्याने वाचत. सांगलीवाडीच्या आजींच्या मुलालाही बोलावलं होतं. त्यांचं पान नाही, फक्त साक्षरता वर्गाच्या वहीतलं त्यांचं पहिलं गिरवलेलं नाव आम्ही फोटो काढून छापलं होतं. तो ते पान बराच वेळ उघडून बसला आणि जाताना आणखी तीन प्रती घेऊन गेला.

उरलेल्या प्रती एकाच घरात ठेवल्या नाहीत. चाळीस पुण्याला दादाकडे, वीस तासगावला मामांकडे, दहा विश्रामबागला आत्याकडे दुसऱ्या मजल्यावर. गावभागात फक्त पंधरा, त्याही माळ्यावर. वह्यांच्या सगळ्या पानांचे फोटो काढून दोन पेनड्राइव्हवर घेतले, एक माझ्याकडे, एक दादाकडे.

अकरावी वही राहिली होती. ती अर्धी कोरी आहे. २०१९ नंतर आई दर मे महिन्यात आळीची यादी नव्याने करायची: कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुणाला उचलून न्यावं लागेल, कुणाचे नातेवाईक उंचावर राहतात, कुणाला कोणती गोळी. या खेपेला गोळीचं नाव नीट लिहिलेलं. शेवटची यादी मे २०२३ ची. दादाला ती वही पुण्याला न्यायची होती, आठवण म्हणून. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी गटाच्या नव्या सचिव काकू आल्या आणि म्हणाल्या, "ती पुराची यादी दे की. औंदा करायला नको व्हय?" दादाने वही आणून त्यांच्या हातात दिली.

पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले. मे लागायची वाट बघायची नाही, असं दोघींनी ठरवलं. पहिल्या घरात आजोबा आता काठी घेऊन चालतात, तेव्हा त्यांच्यापुढची 'उचलून' ही खूण खोडली. दुसऱ्या घराला कुलूप होतं. तिसऱ्या घरातल्या सुनेला सहावा महिना लागलाय. काकूंनी चष्मा चढवला, आईच्या अक्षराखाली एक ओळ सोडली आणि लिहायला घेतलं.